उभ्या कॅराव्हॅनची बॅटरी थंडी खात नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

डिसेंबर उजाडला की वाहनविषयक सदरांतून एक सल्ला हमखास छापून येतो: थंडीत बॅटरी लवकर उतरते, तेव्हा उभी गाडी रोज दहा मिनिटे चालू करून ठेवा. यातला पहिला भाग अर्धाच खरा आहे आणि दुसरा जवळपास निरुपयोगी. ज्यांच्याकडे मागे पलंग, फ्रिज, पाण्याचा पंप आणि इन्व्हर्टर असलेली कॅराव्हॅन आहे, त्यांना तर तो महागात पडतो. कारण या सल्ल्यावर विसंबून माणूस गळती, म्हणजे गाडी बंद असतानाही जाणारा करंट, शोधतच नाही, आणि दर फाल्गुनात नवी बॅटरी घेतो.

ग्वाल्हेरात या गाड्या नेमक्या थंडीतच उभ्या राहतात. १६ डिसेंबरच्या सुमारास खरमास, म्हणजे लग्नांना वर्ज्य असलेला महिना, लागला की लग्नाची भाडी संक्रांतीपर्यंत बंद. आग्र्याकडच्या रस्त्यावर धुके असते, त्यामुळे हौशी मंडळीही बाहेर पडत नाहीत. घरच्या वापराच्या गाड्या दिवाळीनंतर ताडपत्रीखाली जातात त्या एकदम पहाडावर जायच्या वेळी बाहेर निघतात. मग चावी फिरवली की नुसती टक टक, आणि खापर थंडीवर.

थंडीचा वाटा किती ते आधी पाहू. शिशाच्या बॅटरीत आपोआप होणारी घट थंडीत कमी होते, वाढत नाही. साधी पाण्याची बॅटरी पंचवीस अंशांना महिन्याला साधारण ३ ते ५ टक्के उतरते. पारा खाली गेला की तीही घट मंदावते. थंडीत खरोखर कमी होते ती बॅटरीची ताकद: शून्य अंशाच्या आसपास तिच्यातून साठ्याच्या ऐंशी टक्क्यांइतकेच काम मिळते, आणि त्याच वेळी इंजिनचे ऑइल घट्ट झाल्याने सेल्फला जास्त जोर लागतो. म्हणजे पहाटेच्या तीन-चार अंशांत जी बॅटरी हार खाते ती थंडीने रिकामी झालेली नसते. ती आधीच अर्धी झालेली असते, थंडीत ते उघडे पडते इतकेच. मग प्रश्न उरतो, अर्धी केली कोणी?

याचे गणित शाळकरी आहे. गाडी बंद असताना ५० मिलिअँपिअर करंट जात असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, महिन्याला ३६, दोन महिन्यांत ७२. १०० अँपिअर-तासांची बॅटरी खरमास काढेल, पण होळीपर्यंत टिकणार नाही. २० मिलिअँपिअरला तीच बॅटरी दोन महिन्यांत २९ अँपिअर-तास गमावते आणि गाडी तरीही सुरू होते. उलट इन्व्हर्टर नुसता चालू राहिला, त्यावर एक दिवाही नाही, तरी तो १ अँपिअर सहज घेतो. दिवसाला २४. दीडशेची ट्युब्युलर बॅटरी आठवडाभरात झोपली. आकडा हातात नसेल तर २० आणि ५० मधला फरक कुणालाच दिसत नाही. दोन्ही गाड्या दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थित सुरू होतात.

रोज दहा मिनिटे इंजिन चालवण्याबद्दल इतकेच सांगतो, की थंड डिझेल इंजिनाला ग्लो प्लग (सुरू होण्याआधी इंजिन तापवणाऱ्या कांड्या) आणि सेल्फ मिळून एक अँपिअर-तासाच्या आसपास खर्च येतो. आयडलवर डायनामो थोडे देतो, थंड बॅटरी चार्ज हळू घेते, आणि त्यातला वाटा मागची बॅटरीही ओढते. हिशेब जेमतेम बरोबरीत सुटतो. वर सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साठते ते वेगळेच. चालवायचीच असेल तर गाडी तासभर रस्त्यावर न्यावी.

आता शोध. कॅराव्हॅनमध्ये दोन स्वतंत्र संसार असतात: पुढची इंजिनची बॅटरी आणि मागची घराची बॅटरी. पहिल्यांदा कोणती उतरते हे ठरवल्याशिवाय एकही वायर सोडू नये. रात्री सगळे बंद करून, चार्जर काढून, सोलर पॅनेल झाकून ठेवा आणि सकाळी दोन्हींचे व्होल्टेज मल्टिमीटरने घ्या. पाण्याच्या बॅटरीला १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. ११.८ च्या खाली तिला उतरलेलीच समजावे. एजीएम, म्हणजे काचतंतूंच्या चटईत ॲसिड जिरवलेली बंद बॅटरी, भरलेली असताना १२.८ च्या पुढे दाखवते. गाडी बसच्या चासीवरची, २४ व्होल्टची असेल तर इंजिनच्या बाजूला हेच आकडे दुप्पट धरावेत.

दोन्हीकडचे आकडे दुसऱ्या दशांशापर्यंत तंतोतंत सारखे आले तर खुश होऊ नका, दोन्हींना जोडणाऱ्या रिलेवर संशय घ्या. हा रिले इंजिन चालू असताना, साधारण १३.३ व्होल्टला, दोन्ही बॅटऱ्या एकत्र करतो आणि १२.८ च्या आसपास तोडतो. त्याचे आतले पॉइंट कधी कधी चिकटून बसतात. मग घराचा पंप आणि दिवे रात्रभर इंजिनच्या बॅटरीवर जगतात. खात्री करायला मागचे सगळे दिवे दहा मिनिटे लावा आणि मीटरची दोन टोके रिलेच्या दोन जाड बोल्टवर धरा. रिले मोकळा असेल तर दोन बॅटऱ्यांमधला फरक दिसेल, चिकटलेला असेल तर जवळपास शून्य. पॅनेल झाकायला सांगितले ते याचसाठी: सोलरने घराची बॅटरी वर गेली की काही रिले आपणहून जुळतात, आणि तो दोष नसतो.

यानंतर बॅटरीलाच निर्दोष किंवा दोषी ठरवायचे. ती पूर्ण चार्ज करा, बारा तास राहू द्या, मायनसची वायर सोडा, व्होल्टेज लिहून ठेवा आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहा. कशालाही न जोडता १२.६५ वरून १२.३ वर आली तर गळती गाडीत नाही, बॅटरीच्या पोटात आहे. पाण्याच्या बॅटरीला हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजणारी नळी, लावा: सहापैकी एका सेलचा आकडा बाकीच्यांपेक्षा ०.०३० ने किंवा जास्तीने खाली असेल तर तो सेल गेला. आपल्याकडच्या ट्युब्युलर बॅटऱ्या २७ अंशांना भरल्यावर १.२४० च्या आसपास दाखवतात. परदेशी पुस्तकातला १.२६५ त्यांना लावून चांगली बॅटरी भंगारात काढू नये. आणि थंडीच्या सकाळी हा आकडा फुगलेला येतो. दर अंशाला ०.०००७ म्हणजे ७ अंशांना घेतलेल्या मापातून ०.०१४ वजा करावे लागतात. मिस्त्री हे सहसा करत नाहीत.

बॅटरीच्या झाकणावरची ओली धूळसुद्धा करंट खाते. मीटरचे काळे टोक मायनसवर ठेवून लाल टोक नुसते झाकणाच्या प्लास्टिकवर फिरवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पुसून काढा. बूचे घट्ट असू द्या, सोडा आत गेला तर ॲसिड मरेल.

बॅटरी निर्दोष ठरली की करंट मोजायचा, आणि बहुतेकांची इथेच फसगत होते. बाजारात सर्रास चालणारा बल्ब लावून पाहण्याचा प्रकार सोडून द्या. मायनस आणि वायर यांच्यामध्ये धरलेला पाच वॅटचा बल्ब शे-दीडशे मिलिअँपिअरखाली डोळ्यांना दिसेल इतका पेटतच नाही, आणि आपला चोर ८० चा असू शकतो. वायर टेकवताना ठिणगी पडली म्हणजे गळती आहे, हेही खरे नव्हे. गाडीतले कपॅसिटर भरतानाही ठिणगी पडते. साधा क्लॅम्प मीटर फक्त घरातल्या एसी करंटला चालतो. डीसी मोजणाराच हवा, आणि तो वायरवर लावण्याआधी त्याच जागी, त्याच दिशेने धरून शून्य करून घ्यावा. तरीही दहा-वीस मिलिअँपिअरची चूक गृहीत धरा. बारीक मापासाठी मल्टिमीटर मधे घालून, म्हणजे सिरीजमध्येच, मोजावे लागते.

पद्धत अशी. ड्रायव्हरचे दार उघडे ठेवून त्याच्या लॉकचा आकडा (हूक) स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद स्थितीत न्या, म्हणजे गाडीला दार लागले असे वाटते आणि आतले दिवे विझतात. (नंतर दार लावण्याआधी हँडल ओढून तो आकडा मोकळा करायचा. विसरलात तर आकडा खांबावरच्या कडीवर आपटतो आणि लॉक वाकते.) बॉनेट उघडे असू द्या, गाडी चावीने लॉक करा. चावी बटणाची असेल तर ती घरात नेऊन ठेवा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला. आता मायनसचा क्लॅम्प सोडण्याआधी बॅटरीचा खांब आणि ती केबल यांच्यामध्ये मगरचिमट्यांची एक जाड वायर लावा. मग १० नंबरच्या पान्याने क्लॅम्प ढिला करून उचला आणि मीटरची दोन टोके त्याच दोन जागी लावा. करंट अजून चिमट्यांच्या वायरीतूनच जातो आहे, म्हणून गाडीच्या संगणकांना काही कळलेले नाही. हा चिमटा वगळून थेट क्लॅम्प उचलला तर सगळी मॉड्युल्स पुन्हा जागी होतात, पहिल्या झटक्यात मीटरचा फ्यूज उडू शकतो, आणि दिसणारा आकडा गाडीच्या जागेपणाचा असतो, झोपेचा नाही.

आता थांबा. वीस मिनिटे, काही गाड्यांना पाऊण तास. मग चिमटा काढा आणि वाचा. मीटर लावलेला असताना चावी फिरवायची नाही, दार उघडायचे नाही, सेल्फ तर मुळीच नाही. इंजिनच्या बाजूला २० ते ५० मिलिअँपिअर चालते. त्यापुढे शोध घ्यावा. घराच्या बाजूला हेच माप त्या बॅटरीच्या मायनसवर, पण आधी सोलर बंद करून. मेन स्विच बंद असताना, थेट बॅटरीवर जोडलेल्या गोष्टी सोडून, तिथे दहा-वीसपेक्षा जास्त दिसू नये. एका नजरेत आकडा घेऊन उठू नका, पंधरा मिनिटे बघत राहा. ३० वर स्थिर असलेला आकडा दर दोन-तीन मिनिटांनी १५० वर उडी मारत असेल तर कुणीतरी झोपेतून उठते आहे. भाड्याच्या गाड्यांत तो बहुधा ट्रॅकर असतो: धुक्यात, पत्र्याच्या शेडमध्ये त्याला सिग्नल मिळत नाही आणि तो पुन्हा पुन्हा शोधत राहतो. ज्या मीटरला मॅक्स-मिनचे बटण आहे तो इथे कामाला येतो.

चोर कोणता, हे फ्यूज एकेक उपटून शोधण्याची जुनी रीत आता टाळावी. फ्यूज परत घातला की ते मॉड्युल जागे होते आणि पुन्हा अर्धा तास वाया. त्याऐवजी मीटर मिलिव्होल्टच्या सर्वांत लहान रेंजवर ठेवा आणि फ्यूज जागेवरच असताना त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या धातूच्या टिकल्यांवर टोके टेकवा. करंट जात नसेल तर ०.०. साध्या १० अँपिअरच्या ब्लेड फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण १३० मिलिअँपिअर, ५ अँपिअरच्या फ्यूजवर तेवढाच आकडा म्हणजे ५५ च्या आसपास. नेमका आकडा फ्यूजच्या बनावटीप्रमाणे बदलतो. पण पन्नासातल्या कोणत्या फ्यूजमागे शोधायचे हे पाच मिनिटांत कळते, आणि गाडीची झोप मोडत नाही.

सापडणारे चोर बहुतेक ठरलेले आहेत. पहिला मान म्युझिक सिस्टीमचा. बाजारातल्या डेकला पिवळी वायर कायम प्लसची, मेमरीसाठी, आणि लाल वायर चावीची. बसवणारा चावीची लाइन शोधायचा कंटाळा करतो, दोन्ही एकत्र पिळतो आणि टेप लावून टाकतो. डेक बटणाने बंद होतो, पण आतून आणि त्याला जोडलेला ॲम्प्लिफायर रिमोटच्या वायरीने जागाच राहतो. डॅशबोर्डखाली लाल-पिवळ्याचा तो पिळा दिसला की निम्मे काम झाले. पार्किंग मोडवरचा डॅशकॅम, कायम लाइनवर घेतलेला रिव्हर्स कॅमेऱ्याचा स्क्रीन, आकडे दाखवणारे यूएसबी सॉकेट (प्रत्येकी दहा-वीस मिलिअँपिअर, आणि मागे अशी सहा-सहा असतात), रंग बदलणाऱ्या एलईडी पट्ट्यांचा रिमोटवाला कंट्रोलर, हे सगळे त्याच जातीचे. पट्टी काळी दिसते, पण कंट्रोलर रिमोटची वाट पाहत जागा असतो.

घराच्या बाजूला मोठा ग्राहक इन्व्हर्टर. इथल्या बॉडी बिल्डरांकडे १२ व्होल्टच्या कंप्रेसर फ्रिजऐवजी घरातला २३० चा फ्रिज इन्व्हर्टरवर चालवण्याची पद्धत आहे, म्हणून तो बंद करायची कुणाला सवयच नसते. शिवाय त्याच्या जाड केबल थेट बॅटरीच्या खांबावर बोल्ट केलेल्या असतात. दाराजवळचा लाल मेन स्विच फिरवला की दिवे आणि पंप मरतात, इन्व्हर्टर नाही. गॅसचा अलार्मही मुद्दाम थेट जोडलेला असतो आणि ५० ते १०० मिलिअँपिअर घेतो. तो काढायला हरकत नाही, पण आधी सिलिंडरचा रेग्युलेटर काढून गॅस बंद करायचा, मग फ्यूज. इन्व्हर्टर १०.५ व्होल्टला स्वतः तुटतो म्हणून निर्धास्त राहणारे बरेच आहेत. त्या आकड्यापर्यंत बॅटरी पार रिकामी झालेली असते. आठवडाभर तशीच राहिली तर प्लेटांवर सल्फेट बसते आणि क्षमता परत येत नाही.

कपाटातला किंवा मागच्या डिकीतला दिवा दार लावल्यावर खरोखर विझतो का, हे पाहण्याचा सोपा उपाय म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो आत ठेवून दार लावायचे.

सगळ्या फ्यूजवर शून्य आहे आणि करंट मात्र जातोच आहे, अशी वेळ आली तर बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज बॉक्स टाळून निघालेल्या वायरी बघा. त्यांत डायनामोची जाड वायर मुख्य. आतला एखादा डायोड गळका झाला की बॅटरी उलटी डायनामोत वाहते. मायनस सोडून डायनामोवरची ती वायर काढा, टोकाला टेप गुंडाळा, मायनस पुन्हा मीटरमधून जोडा. आकडा कोसळला तर डायनामो उतरवायचा. गळती अँपिअरमध्ये असेल तर पहाटे इंजिन बर्फासारखे गार असताना डायनामोचे अंग हाताला कोमट लागते. आणि कृपा करून डायनामो तपासण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीची वायर कुणी काढू देऊ नका. ही करामत अजून बऱ्याच गॅरेजांत चालते. बॅटरीचा आधार सुटताच व्होल्टेज उसळते आणि इंजिनचा कंट्रोलर, डेक, सगळे एकदम जाऊ शकते. हिवाळ्यात इंजिनच्या ऊबेला येणारे उंदीर वायरी कुरतडतात तेही इथेच, एअर फिल्टरच्या मागे आणि बॅटरीच्या ट्रेखाली. इन्सुलेशन गेलेली प्लसची वायर ओल्या पत्र्याला टेकून दवाच्या रात्री गळते आणि दुपारी कोरडी होऊन निर्दोष दिसते. म्हणून दुपारी काहीच सापडले नाही तर माप पहाटे घ्यावे.

सोलर आहे म्हणून काळजी नाही, हे छपरावर ताडपत्री टाकल्यावर कुणी म्हणू नये. झाकलेले पॅनेल काही देत नाही, आणि त्याचा कंट्रोलर मात्र स्वतःसाठी पाच ते तीस मिलिअँपिअर घेत राहतो. डिसेंबर-जानेवारीत धुके आणि वर बसलेली धूळ मिळून उघड्या पॅनेलचेही उत्पन्न फार घसरते. बॅटरी सोडायची असेल तर क्रम पाळा: आधी पॅनेलची वायर, मग बॅटरीची, जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. उलटे केले तर पॅनेलचे वीस-बावीस व्होल्ट कंट्रोलरमधून थेट घराच्या उपकरणांवर जाण्याची भीती असते.

गळती दुरुस्त झाल्यावरही दोन महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची मायनस वायर सोडून ठेवणे हाच माझ्या मते सर्वांत स्वस्त उपाय. पण चावी बंद केल्या केल्या नाही. ज्या बीएस-६ डिझेल गाड्यांत युरियाची टाकी आहे, त्यांचा पंप इंजिन थांबल्यावर दोन-एक मिनिटे नळीतला युरिया मागे ओढत असतो. तेवढ्यात बॅटरी तोडली तर युरिया नळीत वाळून खडे होतात. पाच मिनिटे थांबा. सेंट्रल लॉक मेलेले असेल, तेव्हा एक दार चावीने हाताने उघडते का ते आधी पाहा आणि चावी आत ठेवू नका. बॅटरी १०० टक्के भरूनच सोडायची. चार्जर तिच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाचा, म्हणजे शंभरच्या बॅटरीला १० अँपिअरचा, आणि शेवटी १३.५ ते १३.८ वर स्थिरावणारा असावा. जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर रात्रभर लावला तर तो पाणी उकळून टाकतो. चार्ज करताना बॉनेट किंवा मागची खिडकी उघडी ठेवा, हायड्रोजन निघतो. पाण्याच्या बॅटरीला दर पाच-सहा आठवड्यांनी एकदा चार्ज पुरे.

लिथियम, म्हणजे लोहफॉस्फेटची घराची बॅटरी असेल तर वरचे व्होल्टेजचे आकडे तिला लावू नका. ती ८० टक्क्यांवर आणि ४० टक्क्यांवर जवळपास सारखेच दाखवते. तिच्यासाठी शंटवाला, म्हणजे आत-बाहेर गेलेल्या करंटचा हिशेब ठेवणारा, मॉनिटरच हवा. ती पूर्ण भरून नव्हे, पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवून सोडावी. मीटरने शून्य व्होल्ट दाखवला म्हणून मेली समजून फेकू नये. आतल्या बीएमएसने, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटने, स्वतःला तोडून घेतलेले असते आणि लिथियमचा चार्जर लावला की ती बहुतेकदा उठते. शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचे नसते. ग्वाल्हेरच्या थंडीत ती वेळ सहसा येत नाही, पण हीच गाडी जानेवारीत लेह किंवा स्पितीला नेणाऱ्यांनी सकाळी इंजिन चालू करण्याआधी बॅटरीच्या खोक्याचे तापमान पाहावे.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन
लष्कर, ग्वाल्हेर
(नाव छापू नये, ही विनंती.)